चौथी सीट

मुंबईच्या लोकलमधलं बाकडं तिघांचं असतं. ज्याने ते आखलं त्याने तीन माणसांचं माप धरलं असणार, आणि खात्यापित्या घरचे तिघे बसले की बाकडं तिथेच संपतं. तरी त्यावर चौघं बसतात. ही चौथी जागा तिकिटावर नाही, पासावर नाही, रेल्वेच्या कुठल्या हिशेबात नाही. पण डोंबिवलीतल्या शाळकरी पोराला विचारा, चौथी सीट म्हणजे काय ते तो बरोबर सांगेल.

ती मागायची रीत ठरून गेलेली आहे. उभा माणूस बाकड्याच्या टोकाशी येतो आणि तिसऱ्याच्या खांद्याला दोन बोटं लावतो, किंवा नुसता पंजा हवेत आडवा सरकवून दाखवतो. फार झालं तर, "काका, जरा सरकता का?" तिसरा दुसऱ्याकडे बघतो, दुसरा पहिल्याकडे, पहिला खिडकीबाहेर. मग तिघंही हलल्यासारखं करतात आणि चौथा बसतो. बसतो म्हणजे निम्मा बाकड्यावर, निम्मा देवाच्या भरवशावर. एक पाय मधल्या वाटेत रोवून तोल सांभाळायचा, उभ्या असलेल्यांच्या सॅका तोंडावर घ्यायच्या. मांडीला मुंग्या येतात, कंबर धरते. तरी चेहऱ्यावर घर झाल्याचं समाधान असतं.

खरी गंमत ठाण्याला. खिडकीतला उठतो, सगळे एकेक जागा आत सरकतात आणि आपला चौथा तिसरा होतो. आता तो पूर्ण टेकतो, पाठ मागे लावतो, बॅग मांडीवर घेतो, गुडघे जरा सैल सोडतो. एवढ्यात त्याच्या खांद्याला दोन बोटं लागतात. तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. "जागा कुठंय भाऊ?" आणि तो बाकड्याकडे असा हात करतो की बघणाऱ्यालाही क्षणभर वाटावं, खरंच, कुठंय जागा?

याला ढोंग म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. तो खोटं बोलत नसतो. मुंब्र्याच्या अलीकडे उभ्याने बघताना त्याला त्याच बाकड्यावर एक माणूस सहज मावेल एवढी जागा स्वच्छ दिसत होती. ठाण्यानंतर बसून बघताना ती दिसत नाही. आपण म्हणतो की माणूस आधी विचार करतो आणि मग आपली बाजू ठरवतो. लोकलमध्ये तरी उलटा क्रम दिसतो. बूड आधी टेकतं, तत्त्व मागाहून येतं. भाडेकरूचा घरमालक झाला की, सुनेची सासू झाली की, कारकुनाचा साहेब झाला की हेच होतं. फक्त तिथे मध्ये वीस-पंचवीस वर्षं जातात, म्हणून चटकन ध्यानात येत नाही. लोकल तेच दोन स्टेशनांत करून दाखवते.

जागा कोणाची, हा प्रश्न तसा जुना. इसवी सनापूर्वी 45 मध्ये रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने लिहिलेल्या एका संवादात रोमचाच राजकारणी केटो म्हणतो की नाट्यगृह सगळ्यांचं असलं तरी जो ज्या जागेवर बसला ती त्याची, असं म्हणणं रास्तच आहे. जगाचंही तसंच समजावं. ऐकायला छान आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की रोमच्या नाट्यगृहात पुढच्या जागा सिनेटरांसाठी राखीव असत, आणि सिसेरो आणि केटो दोघेही सिनेटर होते. त्यांच्या खांद्याला बोटं लावायची कोणाची हिंमत होती!

सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने यात कष्टाचा मुद्दा आणला. सृष्टी सगळ्यांची, पण तिच्यात जो आपले श्रम मिसळतो, त्याची ती वस्तू होते. आता घाम मिसळण्यात आमचा प्रवासी कोणाला हार जाणार नाही. डोंबिवलीचे कित्येक जण सकाळी आधी उलटे कल्याणला जातात आणि तीच गाडी परत मुंबईला निघते तेव्हा बसून येतात. कल्याणचा माणूस आपल्या स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीत चढतो तर आत डोंबिवली आधीच विराजमान! भांडणं होतात, आईबहिणीपर्यंत जातात. डोंबिवलीकरांचं म्हणणं लॉकच्याच वळणाचं: आम्ही लवकर उठलो, उलटा प्रवास केला, जागा आमची. पण लॉकने एक अटही घातली होती. तुम्ही घेतल्यावर इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. ती अट पाळायची तर बाकड्याला रबर लावावं लागेल. चौथी सीट म्हणजे त्या अटीशी आम्ही केलेली तडजोड आहे असं मला वाटतं. पुरेसं नाही, तितकंच चांगलं तर नाहीच, पण अगदीच नाही असंही नाही.

बायकांच्या डब्यातला कारभार याहून पक्का, असं घरातून कळतं. तिथे चढल्या चढल्या सवाल: "कुठे उतरणार?" "घाटकोपर." "मला द्या हं." झाला करार. नंतर आलेलीने विचारलं तर उत्तर मिळतं, "सांगितलीय." त्या एका शब्दापुढे अपील नाही. कागद नाही, सही नाही, साक्षीला अख्खा डबा. घाटकोपरला दुसरीच कोणी टेकली तर मग भायखळ्यापर्यंत करमणूक.

फर्स्ट क्लासात मात्र चौथी सीट सहसा मिळत नाही. "इथे तीनच बसतात," असं सांगतात, तेही सभ्य आवाजात. गादी जाड झाली की माणूस सरकायचा कमी होतो, याचं कारण मला नीटसं सापडलेलं नाही. पास महाग असतो हे एक आहेच, पण तेवढ्याने भागत नाही.

आणि खिडकीचं काय सांगावं! चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा अशी मजल दरमजल करत माणूस अखेर खिडकीत पोचतो. वारा येतोय, बाहेर खाडी आहे, पाण्यावर ऊन आहे. आणि हा गृहस्थ खिडकीच्या गजाला डोकं टेकून घोरतोय.

जागेची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र तमिळनाडूतली आहे. आळ्वार म्हणजे तिथले विष्णुभक्त संतकवी. तिरुक्कोवलूर गावात एका पावसाळी रात्री त्यांच्यातले पोयगै आळ्वार एका घराच्या अरुंद पडवीत आसऱ्याला आडवे झाले होते. दारात भूतत्ताळ्वार आले. दोघांची ओळख नव्हती. पोयगै म्हणाले, एक जण झोपू शकेल, पण दोघं बसू शकतील, या. दोघं बसले. मग पेयाळ्वार आले. दोघं बसतील, पण तिघं उभे राहू शकतील, या. तिघं काळोखात उभे राहिले. थोड्या वेळाने तिघांनाही जाणवलं की मध्ये आणखी कोणीतरी शिरलंय आणि रेटतंय. दार तर कोणी वाजवलं नव्हतं. पोयगैंनी पृथ्वीची पणती, समुद्राचं तूप आणि सूर्याची ज्योत करून एक दिवा गाऊन लावला. भूतत्ताळ्वारांनी प्रेमाची पणती, ओढीचं तूप आणि मनाची वात करून दुसरा. त्या उजेडात पेयाळ्वारांना दिसलं की दाटी करणारा चौथा साक्षात विष्णू आहे.

भाविकांना या कथेत दर्शन महत्त्वाचं, ते बरोबरच आहे. मला त्या पडवीतला हिशेब जास्त भावतो. जागा तेवढीच आहे. आडवा झालेला माणूस उठून बसतो, बसलेले उभे राहतात, आणि कोणी कोणाला "जागा कुठंय" म्हणत नाही. देवही एखादा ऐसपैस गाभारा निवडायचा सोडून तिथेच घुसला.

या न्यायाने आमच्या सकाळच्या फास्ट गाडीत वैकुंठच उतरायला हवं. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं, अशा गर्दीला रेल्वेवाल्यांनी 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव देऊन ठेवलंय. रेटणारे भरपूर, उजेडही भरपूर, प्रत्येकाच्या हातात एक. त्या उजेडात शेजाऱ्याचा क्रिकेटचा स्कोअर दिसतो.

रविवारी दुपारी उलटा प्रकार. असाच एकदा जवळजवळ रिकाम्या डब्यात एक गृहस्थ एकटे बसले होते. चपला काढलेल्या, समोरच्या बाकड्यावर पेपर पसरून त्यावर पाय, शेजारी पिशवी, तिच्या शेजारी पाण्याची बाटली. सहा जणांची जागा त्यांनी एकट्याने भरली होती आणि तरी थोडे अवघडल्यासारखेच दिसत होते. ठाण्याला लग्नाहून परतणारं एक कुटुंब चढलं. आजी, मुलगा, सून, हातात आहेराच्या पिशव्या, एक झोपाळलेला नातू. "दादा, पाय घेता का?" आजी म्हणाल्या. गृहस्थांनी वडिलोपार्जित जमीन सरकारजमा व्हावी अशा चेहऱ्याने पाय खाली घेतले, पेपराची घडी केली. आजी बसल्या, मुलगा बसला, नातवाला मध्ये घेतलं. सून उभीच. मागचं अख्खं बाकडं मोकळं होतं आणि गृहस्थांनी तिकडे बोट दाखवलंही. आजींनी ढुंकून बघितलं नाही. मुलाला कोपराने ढोसलं, नातवाला मांडीजवळ ओढलं आणि सुनेला म्हणाल्या, "ये गं, बस इथेच. होतंय की चौघांचं."