वाशिष्ठीच्या काठावरून थेट बर्फावर: गरवायच्या सामानाचा माझा अनुभव

मी मूळचा चिपळूणचा. लहानपणी मामाबरोबर वाशिष्ठी नदीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला जायचो आणि सामान म्हणजे काय, तर एक बांबूची काठी, तंगूस म्हणजे गळाचा दोरा, गरी आणि करवंटीत गांडुळं. संपला विषय. कधी काही मिळालं तर मामी खूश, नाही मिळालं तरी मामी खूश कारण साफ करायचा त्रास वाचला. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने मिनेसोटात आलो, मिनिआपोलिसजवळ प्लिमथला घर घेतलं आणि शेजारच्या आजोबांनी पहिल्याच जानेवारीत विचारलं की चलतोस का बर्फावर, म्हणजे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे पकडायला, तेव्हा मला वाटलं मासे पकडायचं आपल्याला काय सांगतात, फक्त थंडी जास्त असणार एवढंच. तर आता पाच हिवाळे झाले आणि माझ्या बेसमेंटमध्ये बायकोच्या म्हणण्यानुसार एक छोटं दुकान निघेल एवढं सामान आहे, त्यातलं अर्धं मी चुकीचं घेतलंय आणि उरलेल्यातलं अर्धं नीट न सांभाळल्यामुळे एकदा तरी वाया घालवलंय. बरेच जण विचारतात काय काय घेऊ, म्हणून एकदाच बसून लिहितोय.

सगळ्यात आधी जे घ्यावं आणि जे मी सगळ्यात शेवटी घेतलं ते म्हणजे पहार. हो, आपली साधी पहारच, इथे तिला स्पड बार म्हणतात, टोकाला छिन्नीसारखी धार असते. पुढे पाऊल टाकायच्या आधी बर्फावर जोरात मारायची, एका घावात आरपार गेली तर आल्या वाटेने मुकाट्याने परत फिरायचं. इथलं डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं की चालत जायला कमीत कमी ४ इंच स्वच्छ नवा बर्फ हवा, आणि तो पांढरा, बर्फ-पाणी मिसळून गोठलेला असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची म्हणजे जाडी दुप्पट पाहिजे. हे मला माहीतच नव्हतं, मी पहिल्या वर्षी इतर लोक चाललेत म्हणून त्यांच्या मागे मागे चाललो होतो. पहारीबरोबर गळ्यात आइस पिक्स, म्हणजे दोन लाकडी मुठी आणि टोकाला खिळे, पाण्यात पडलोच तर ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. दहा-बारा डॉलरची वस्तू. ती बॅगेत ठेवून काही उपयोग नाही, गळ्यातच पाहिजे, आजोबांनी मला याच्यावरून पार्किंगमधून घरी परत पाठवलं होतं एकदा.

आता ऑगर. बर्फात भोक पाडायचा मोठा गिरमिट. मी हौसेने पहिला हाताने फिरवायचा ८ इंची घेतला कारण मोठा मासा लागला तर भोकातून बाहेर यायला नको का! आता हिशेब बघा, भोकाचा व्यास ६ चा ८ केला की काढायचा बर्फ पावणेदोन पट होतो, आणि जानेवारी अखेरीला बर्फ दीड-पावणेदोन फूट झालेला असतो. तीन भोकांत मी घामाने चिंब, आणि उणे वीसमध्ये घाम येणं म्हणजे पुढचा तासभर कुडकुडायची सोय. आमच्या मेडिसिन लेकवर मला मिळतात ते क्रॅपी आणि ब्लूगिल, तळहाताएवढे मासे, त्यांना ६ इंच रग्गड झालं. वॉलाय वगैरे मोठ्या माशांसाठी मिल लॅक्स तळ्यावर जाणार असाल तर ८ घ्या, पण तेव्हा मशीनचं घ्या.

दुसऱ्या वर्षी अक्कल आली म्हणून ड्रिलला जोडायचा ऑगर घेतला. घरातलंच जुनं ड्रिल लावलं, पहिल्या भोकाला जळका वास. मग १८ व्होल्टचं ब्रशलेस, अर्ध्या इंचाच्या चकवालं (चक म्हणजे ड्रिलचा पुढचा, पातं धरणारा जबडा) ड्रिल घेतलं, ते मात्र झकास चाललं, दोन्ही हातांनी धरायचं, बाजूची मूठ लावल्याशिवाय सुरू करायचं नाही कारण पातं बर्फात अडकलं की ड्रिलच मनगटाभोवती फिरतं. पण खरी गंमत पुढे आहे. तिसरं भोक आरपार गेलं, पाणी वर आलं, मी बर्फाचा किस बाहेर काढायला ड्रिल वर उचललं आणि हातात फक्त ड्रिल आलं. चक कंपनाने सैल झालेला, ऑगर सुळकन १४ फूट खाली. मी त्या भोकात किती वेळ बघत उभा होतो कुणास ठाऊक. आजूबाजूला बर्फाच्या गोळ्यासारखा पांढराशुभ्र किस पसरलेला, वर लाल सरबत टाकायचं तेवढं बाकी, आणि मध्ये काळंभोर पाणी. सव्वाशे डॉलर. आजोबा लांबून बघत होते, आले, भोकात डोकावले आणि म्हणाले, मासे आता कमी पडतील, खाली कुणीतरी ड्रिलिंग सुरू केलंय. तर ड्रिलवाला ऑगर घेताना वरच्या बाजूला भोकापेक्षा मोठी गोल चकती असलेलाच घ्यायचा, चक सुटला तरी ती भोकावर अडकते. ही चकती पंधरा-वीस डॉलरला वेगळी मिळते हे मला सव्वाशे गेल्यावर कळलं.

पात्यांचं वेगळंच प्रकरण. ऑगर पाण्यातून काढला की मिनिटात त्याच्यावर बर्फाचा थर चढतो आणि पुढच्या भोकाला तो नुसता घसरतो, कापतच नाही. मग माणूस काय करतो, झाडू आपटावा तसा ऑगर बर्फावर आपटतो. मीही आपटला. पातं एवढंसं वाकलं, डोळ्याला दिसणारही नाही, पण त्या दिवसानंतर तो ऑगर कधी सरळ चालला नाही. आता मी भोक झालं की हवेतच एक-दोन सेकंद जोरात फिरवतो, पाणी उडून जातं आणि लगेच प्लास्टिकचं कव्हर घालतो. उथळ पाण्यात तळाच्या वाळूला पातं टेकलं तर धार गेलीच समजा. घरी आल्यावर पाती पुसून कोरडी करायची आणि तेलाचा हलका हात फिरवायचा, आई विळीला गंज येऊ नये म्हणून लावायची तसा.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो तो मुद्दा, ओल. थंडीने सामान खराब होतं असं सगळ्यांना वाटतं आणि दुकानातही सगळं थंडीबद्दलच सांगतात, किती ग्रॅमचं इन्सुलेशन आणि काय काय. माझं तरी बहुतेक सामान ओलीने गेलं. पहिला तंबू बघा. छत्रीसारखा फटकन उघडणारा हब तंबू घेतला होता, आत तिघं बसतील असा, इन्सुलेशनवाला. दिवसभर आत हीटर चालू, आपला श्वास, भोकांतून वर येणारी वाफ, सगळं छताला आतून जाऊन चिकटतं आणि गोठतं. संध्याकाळी तंबू मिटला, बॅगेत कोंबला, गाडीच्या डिकीत टाकला, घरी आलो, जेवलो, झोपलो. गॅरेज उणे दहा, त्यामुळे आठवडाभर काहीच झालं नाही, मी खूश. मग मार्चमध्ये ऊन पडलं आणि एप्रिलमध्ये मी बॅग उघडली तेव्हा जो वास आला तो वास मी ओळखला. आमच्या चिपळूणच्या घरात आषाढात ट्रंकेतल्या चादरींना येतो तोच! काळे ठिपके, शिवणीपाशी तर नुसती बुरशी. कोकणात जन्म गेलेला माणूस मी, जून ते सप्टेंबर घरभर दोऱ्या बांधून कपडे वाळवणाऱ्या घरातला, आणि मिनेसोटात येऊन बुरशीने हरलो.

त्यानंतर मी बेसमेंटमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या, चार. बर्फावरून आलो की चहाच्या आधी वाळवण. तंबू उलटा करून पसरायचा, आतली बाजू बाहेर. बुटांचे आतले जाड नमद्याचे लायनर काढून वेगळे टांगायचे, हे फार महत्त्वाचं आहे, बाहेरून बूट ठणठणीत कोरडा दिसतो पण लायनर पायाच्या घामाने ओला असतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पाय गारठवतो. हातमोजे, गुडघ्याचे पॅड, सगळं. गळांच्या छोट्या डब्या रात्रभर उघड्या ठेवायच्या, ओला गळ बंद डबीत गेला की आठवड्यात शेजारच्या सगळ्यांना गंज लावतो.

तंबूवरून आठवलं, त्याचा खालचा घोळ असतो त्याच्यावर वारा आत येऊ नये म्हणून बर्फ ढकलतात. मीही ढकलला, भरपूर. संध्याकाळी निघताना तो घोळ तळ्याला पक्का चिकटलेला, कारण खालून थोडं पाणी वर आलं होतं आणि गोठलं. मी ओढला आणि टर्रर्र. कोरडा भुसभुशीत बर्फच टाकायचा, भोकातला ओला किस नाही, आणि चिकटलाच तर पहारीने बाजूचा बर्फ हळूहळू फोडायचा. वारा असेल तर तंबू उघडायच्या आधी वाऱ्याकडच्या बाजूचा आइस अँकर, म्हणजे तंबू धरून ठेवणारा खुंटा, बर्फात स्क्रू करून बांधून घ्यायचा, एका माणसाचा तंबू मी तळ्यावरून लोळत जाताना बघितलाय आणि तो माणूस मागून पळताना. आत हीटर असेल तर वरची झडप थोडी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, याच्यात काटकसर करू नका. १ पौंडाचा छोटा सिलिंडर मोठ्या आचेवर, म्हणजे ताशी ९ हजार बीटीयूवर (बीटीयू हे उष्णतेचं एकक) साधारण अडीच तास जातो, त्या हिशेबाने न्यायचे.

रीलच्या बाबतीत उन्हाळ्यातलीच वापरू म्हटलं. उणे वीसला तिच्या आतलं ग्रीस वनस्पती तूप थिजावं तसं घट्ट, हँडल फिरेना. मग टेबलावर पेपर पसरून रील उघडली, सगळं ग्रीस पुसून काढलं आणि पातळ तेलाचे दोनच थेंब सोडले. एक स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली ती पोराने शोधून दिली. तेव्हापासून लोण्यासारखी चालते. तंगूस मी साधा, ४ पौंड ताण सोसणारा मोनो, म्हणजे एकाच धाग्याचा वापरतो, विणलेला ब्रेड पाणी धरतो आणि बाहेर काढला की तारेसारखा कडक होतो, तंबूच्या आत ठीक आहे, उघड्यावर वैताग. मोनोचा दोष असा की रीलवर महिनोन्महिने बसला की त्याला वेटोळी पडतात, मग खाली गळ स्वतःभोवती गरागरा फिरत राहतो आणि क्रॅपी जवळ येऊन, बघून, निघून जातो. म्हणून दर वर्षी नवा भरायचा आणि पहिल्या दिवशी थोडा ताणून घ्यायचा.

बघून निघून जातो हे मला कसं कळतं, तर फ्लॅशर. हे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र, गोल डायलवर रंगीत रेघा, तळाची जाड लाल, आपला गळ एक बारीक रेघ, आणि मासा आला की तिसरी रेघ उगवते आणि हळूहळू आपल्या रेघेकडे सरकते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा श्वास अडकला होता खरंच. व्हेक्सिलार ही कंपनी इथली मिनेसोटाचीच, मी त्यांचाच जुना एकाकडून वापरलेला घेतला. याची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी मी मार्चमध्ये रिकामी करून कपाटात ठेवली आणि डिसेंबरमध्ये काढली, मेलेली. ती पूर्ण चार्ज करून ठेवायची असते आणि मधूनमधून चार्जरला लावायची, चूक माझीच. आता लिथियम घेतलीये, वजनाला निम्म्याहून कमी, पण ती बाहेरून आणल्या आणल्या चार्जिंगला लावायची नाही, शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर आतून खराब होते, आधी घरात दोन-तीन तास राहू द्यायची. ड्रिलच्या बॅटऱ्या तळ्यावर मी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो.

कपड्यांचं थोडक्यात, सुती काही नको, आतून लोकरी. आणि दोन मोज्यांवर तिसरा मोजा घालू नका, बूट घट्ट झाला की पाय जास्त गार पडतात. मी पायाखाली जुनी योगा मॅट टाकतो.

लायसन्स सोळा वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेक सगळ्यांना लागतं, हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ चालतात, उन्हाळ्यात एकच. ब्लूगिलला काटे बारीक असतात पण मांस गोडसर, आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, मालवणी मसाला लावून रव्यात घोळवून तळले तर बोलायचं काम नाही. आजोबांनी पहिल्यांदा खाल्ले तेव्हा आगळाची बाटली उचलून लेबल वाचत बसले होते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या तंबूला उंदरांनी गॅरेजमध्ये भोक पाडलं, ताटलीएवढं, घडी घालून खाली ठेवला होता म्हणे. मी म्हटलं आणा इकडे, शिवून टांगून ठेवतो. त्यामुळे सध्या बेसमेंटमध्ये दोरीवर दोन तंबू, सहा लायनर आणि चार हातमोजे लटकतायत, वॉशिंग मशीनपर्यंत वाकून जावं लागतं, आणि बायको रोज खालून वर येताना विचारते, "अरे, पावसाळा कधी संपणार आहे?"