चिऱ्याची माती आणि वेलास्केसचं अस्तर

स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या चित्राची प्रतिकृती करताना बहुतेक जण पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. सावल्या कितीही घोटल्या तरी खडूसारख्या दिसतात. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत बरीचशी सावली खालच्या मातकट अस्तरातून, म्हणजे चित्राआधी कॅनव्हासवर दिलेल्या रंगीत थरातून, आलेली असते.

1599 साली सेव्हिलला जन्मलेला हा चित्रकार 1611 पासून पाचेको या चित्रकाराकडे शिकला आणि 1618 मध्ये त्याचाच जावई झाला. पाचेकोच्या मते अस्तराला सेव्हिलचीच माती उत्तम, जवसाच्या तेलात घोटलेली. 1623 मध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा दरबारी चित्रकार म्हणून वेलास्केस माद्रिदला गेला आणि अस्तर तांबड्या मातीचं झालं. 1629 ते 1631 इटली पाहून आल्यावर मात्र तो शिसे-सफेद्याच्या फिक्या अस्तराकडे वळला. 1656 चं त्याचं ‘लास मेनिनास’ हे चित्र याच वळणानंतरचं.

तांबड्या अस्तरासाठी आपल्याकडे विकतची माती कशाला? तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. वहाळाच्या कडेला साचलेली मऊ माती घ्यावी, खाडीकाठची नको. तिच्यातलं मीठ पुढे पांढरं फुलून वर येतं. पाव किलो माती दोन लिटर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. वाळू तळाशी राहते. रात्रभर निवळू द्या. हे तीनदा करावंच. कंटाळा केला तर कचकच राहते आणि ब्रश झिजतो.

सुकलेला गाळ मलमलीतून चाळा. 100 ग्रॅमला 30 मिली जवसाचं तेल घेऊन जाड काचेवर घोटा, लागेल तसं थेंबथेंब वाढवा. लोण्यासारखं झालं की थांबा. तेल जास्त झालं तर अस्तराला सुरकुत्या पडतात.

कापडाला सरस लावण्याची जुनी रीत कोकणात घातक ठरते. आषाढातली ओल पिऊन सरस ढिला पडतो, कापड आवळतं आणि रंगाचे पोपडे सुटतात, वर बुरशी. त्याऐवजी अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या, कापड प्लायवर चिकटवलं तर आणखी बरं. फिकं अस्तर हवं असेल तर शिसे-सफेदा विषारी, टायटॅनियम व्हाइट वापरा.

अस्तर दसऱ्यानंतरच घालावं. तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि दमट दिवसांत ते रेंगाळतं. नखाने दाबून खूण उठत नाही तोवर वर रंग चढवू नका.