माळ्यावरचा सीडीचा खोका

ठाण्यात नौपाड्यात, पाचपाखाडीत एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागतात. घोडबंदर रोडच्या भाड्याच्या घरात सगळं मावणार नसतं. पितळी डबे खाली येतात, पाट येतात, थर्माकोलचं मखर येतं आणि सगळ्यांच्या मागून एक खोका निघतो, शंभरेक सीडींचा. भंगारवाला तो उचलून बघतो आणि परत ठेवतो. मुलगा म्हणतो, “अहो बाबा, हे सगळं आता मोबाइलवर आहे.” बाबा म्हणतात, सीडीच्या आवाजाची सर त्या फाइलींना नाही. खोका मात्र दोघांपैकी कुणीच उघडलेला नसतो.

उघडला तर आत तीन जातींच्या चकत्या निघतात. पहिली कंपनीत छापलेली, खालून स्वच्छ चांदीसारखी. दुसरी घरी किंवा सायबर कॅफेत ‘राइट’ करून घेतलेली, खालून हिरवट किंवा निळसर. तिसरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरची, ‘१५० सदाबहार गाणी’ असं छापलेली. वाद घालायचा तो पहिल्या जातीबद्दल. तिसरीत एमपीथ्री आहेत, म्हणजे जागा वाचवायला आवाजातला काही भाग कायमचा गाळून टाकलेल्या फाइली. एमपीथ्री म्हणजे आमरस. त्याचा परत आंबा होत नाही. या चकतीवरची गाणी फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता आवाज साठवणाऱ्या फाइलीत, ‘बदलून घेतली’ तर फाइल तिप्पट-चौपट फुगते आणि ऐकायला तोच आमरस मिळतो, मोठ्या पातेल्यात.

आता बाबांचा मुद्दा. सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० आकडे डाव्या बाजूचे आणि तितकेच उजव्या बाजूचे. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हा ४४,१०० चा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल ध्वनिमुद्रण साठवायला दुसरं परवडणारं साधन नव्हतं, म्हणून ते व्हिडिओ रेकॉर्डरवर भरायचे. अमेरिकी-जपानी पद्धतीत चित्राच्या २४५ ओळी, ओळीत एका बाजूचे ३ नमुने, म्हणजे आकडे, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून बघा. युरोपीय पद्धतीत २९४ गुणिले ३ गुणिले ५०, उत्तर तेच. १९८२ साली पहिला सीडी प्लेअर बाजारात आला तेव्हा हा आकडा ठरून गेलेला होता. या हिशेबाने तासाभराच्या गाण्याचे साधारण ६३५ एमबी होतात.

फ्लॅकची फाइल तेच गाणं ३०० ते ४०० एमबीत बसवते. ‘अर्धं फेकलं तर आवाज तोच कसा राहील,’ हा संशय रास्त आहे, पण इथे फेकाफेक नाही. मैफलीत जाणता श्रोता कसा ऐकतो ते आठवा. विलंबित एकतालात मात्रा सरकत असतात आणि सम येण्याआधीच याची मान तयार असते. पुढे काय येणार याचा अंदाज त्याने बांधलेला असतो, गवयाने जरा चकवलं तर तेवढंच तो लक्षात ठेवतो. फ्लॅक हेच करतो, फक्त फार बारीक पातळीवर. सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान तुकडा घ्यायचा, मागच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा अंदाजायचा आणि अंदाज जेवढ्याने चुकला तेवढीच चूक लिहून ठेवायची. चुका लहान असतात, त्यांना जागा कमी लागते. वाजवताना तोच अंदाज परत बांधायचा आणि त्यात चूक मिळवायची, की मूळ आकडा शेवटच्या बिटापर्यंत जसाच्या तसा. मूळ आकड्यांचा एक ठसाही फाइलमध्ये नोंदवलेला असतो. तपासणीची आज्ञा दिली की संगणक सगळं उलगडून तो ठसा जुळतो का ते सांगतो. फाइल करताना शून्यापासून आठपर्यंत पातळी निवडता येते, ती फक्त वेळ आणि आकाराची. आठवर आवाज जास्त गोड लागतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

या फाइलींचा आकार बघण्यातही गंमत आहे. नुसता तानपुरा आणि गळा असेल तर फाइल लहान होते, कारण अंदाज सोपा. कानठळ्या बसवणारं अलीकडचं सिनेमाचं गाणं जेमतेम तिसऱ्या हिश्शाने आकसतं. जुन्या नाट्यपदाची सीडी खरोखर मोनो असेल, म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे तंतोतंत सारखे असतील, तर फ्लॅकच्या ते लक्षात येतं आणि दुसरी बाजू त्याला जवळजवळ फुकट पडते. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरून सीडी करताना स्टिरिओ सुईने आवाज उचलून तसाच ठेवला असेल, तर डावीकडची करकर वेगळी आणि उजवीकडची वेगळी. गाणं मोनो, करकर स्टिरिओ, आणि फाइल मोठी. करकर अंदाजात बसत नाही, ती पूर्णच लिहावी लागते. सीडी करताना माणसाने किती मेहनत घेतली होती, ते त्या आकारावरून थोडंफार कळतं.

म्हणजे बाबा चुकले? फाइल आणि चकतीचा प्रश्न असेल तर हो. पण त्यांच्या कानांना फरक लागतो तो खोटा असतोच असं नाही. तो बहुतेकदा फाइल तयार होताना शिरलेला असतो.

चकतीवरून आकडे उचलताना लेझर १.२ मिलिमीटर जाड पारदर्शक प्लॅस्टिकमधून आरपार बघतो. त्याची नजर आतल्या थरावर असते, पृष्ठभागावर तो किरण पाऊण मिलिमीटरच्या आसपास पसरट असतो, म्हणून धूळ आणि बारीक ओरखडे त्याला दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. चष्म्यावरचा ठिपका लांबचं वाचताना कुठे दिसतो? चकतीवर चुका दुरुस्त करायला जादा आकडेही पेरलेले असतात. आकडे चकतीवर एका गोल गोल फिरणाऱ्या वाटेवर लिहिलेले असतात. सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची वाट पुसली गेली तरी गेलेले आकडे गणिताने परत मिळतात. त्यापुढे मात्र प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून ठोकताळा भरतो आणि कुणाला सांगत नाही. म्हणून चकती पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसली तर पडलेला ओरखडा वाटेच्या दिशेने जातो आणि सलग आकडे खातो. साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि जुन्या सुती साडीचा तुकडा पुरतो. आणि जपायचं ते छापील बाजूला. ॲल्युमिनियमचा थर त्या बाजूला असतो, वर फक्त लाखेसारखा पातळ लेप. बॉलपेनने जोरात लिहिलेलं नाव तिथे जीवघेणं ठरतं. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात ज्यांचा लेप कडेने सुटला आहे त्या उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर ती चकती सगळ्यात आधी संगणकावर उतरवायला घ्या. हिरव्या-निळ्या चकत्यांचं दुखणं वेगळं. त्यांतला रंग सेंद्रिय असतो आणि उन्हाने उडतो. खिडकीत ठेवलेल्या गेल्याच म्हणायच्या.

उतरवायला यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह चालतो. नुसतं ‘कॉपी’ करणारं सॉफ्टवेअर मात्र चालत नाही, ते ठोकताळे मुकाट्याने स्वीकारतं. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, दोन्ही सावध वाचनावर ठेवायची. शंका आली की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतात, त्यामुळे धड चकतीला काही मिनिटं आणि खरचटलेलीला कधी अख्खी दुपार लागते. मग ॲक्युरेटरिप नावाच्या सामाईक यादीशी ताळा. जगात इतर कुणी तीच चकती उतरवली असेल आणि दोघांचे आकडे जुळले, तर प्रश्न मिटला. प्रत्येक ड्राइव्ह थोडा आधी किंवा थोडा नंतर सुरू होतो, कुणी ६ नमुन्यांनी तर कुणी ६६७, तो फरक आधी भरून ठेवावा लागतो. कानाला याने काडीचा फरक पडत नाही, ताळा मात्र जमत नाही. मराठी भावगीतांची किंवा कीर्तनाची चकती त्या यादीत सापडेलच असं नाही. तेव्हा एकदा चाचणी म्हणून आणि एकदा प्रत म्हणून, अशी दोनदा वाचायची. दोन्ही वाचनांच्या शेवटी सॉफ्टवेअर दाखवतं त्या तपासणीच्या बेरजा सारख्या आल्या की पुढची घ्यायची.

दोन ठिकाणी बाबा खरोखर बरोबर ठरतात. १९८० च्या दशकातल्या काही चकत्यांत वरचे सूर मुद्दाम उचलून भरलेले असत, आणि चकतीवरची खूण बघून प्लेअर ते परत खाली आणायचा. उतरवताना ती खूण दुर्लक्षिली तर फाइल कर्कश वाजते. आकडे तेच, पण वाजवणाऱ्याला सूचना पोचली नाही. दुसरं म्हणजे मोबाइलवर मिळणारं गाणं तेच असलं तरी पुष्कळदा ‘रीमास्टर’ केलेलं असतं. हळू भाग फुगवलेले, मोठे भाग छाटलेले, सगळं एका सपाट उंचीवर. तिथे जुनी चकती उजवी वाटते आणि असतेही. पण ते श्रेय चकतीचं नाही, ती भरणाऱ्या माणसाच्या हाताचं आहे. त्याच जुन्या चकतीवरून उतरवलेली फाइलही तेवढीच उजवी वाजेल.

पटत नसेल तर घरी परीक्षा घेता येते. ज्या दोन आवाजांची तुलना करायची त्यांची पातळी आधी अगदी सारखी करायची, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. निम्मी भांडणं इथेच संपतात. मग संगणकावरच्या फूबार या प्लेअरमध्ये एबीएक्स नावाची आंधळी चाचणी लावायची, म्हणजे दोघांतलं कुठलं वाजतंय ते न बघता ओळखायचं, १६ फेऱ्यांत. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांच्याही आत, म्हणून १२ गाठलेत तर तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल.

एमपीथ्रीची एक खोड मात्र कान न ताणताही कळते. ख्यालाच्या सीडीत विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात, पण मधे तानपुरा थांबलेला नसतो. एमपीथ्री करताना प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे रिकामी जागा चिकटते आणि नेमका द्रुतचा मुखडा उचलताना तानपुऱ्याला उचकी लागते. फ्लॅकमध्ये नमुने मोजून तेवढेच असतात, त्यामुळे प्लेअर धड असेल तर सांधा सापडत नाही.

एवढं सगळं सोवळ्याने करून शेवटी ती फाइल ब्लूटूथच्या स्पीकरवर लावली, तर सेकंदाला १,४११ किलोबिटांचा माल नेहमीच्या एसबीसी पद्धतीत जास्तीत जास्त ३२८ च्या आसपास दाबला जातो. म्हणजे पुन्हा आमरस, या वेळी हवेतून. साध्या तारेचा हेडफोन त्याहून बरा. आणि घोडबंदरच्या नव्या घरात खाली कंटेनर घरघरत असेल, डोक्यावर पंखा पाचवर असेल, तर प्रत्येक आकडा १६ बिटांचा हवा की २४ हा वाद पंखा बंद करूनच घालावा.

उतरवून झाल्यावर नावं भरायची असतात आणि खरी गळती इथे लागते. आपोआप येणाऱ्या माहितीत एकाच गायिकेची तीन स्पेलिंग येतात. भावगीतात ‘आर्टिस्ट’ म्हणून कधी गायक, कधी संगीतकार. देवनागरीत नीट भरलं तर फाइल ते आनंदाने साठवते, पण गाडीच्या स्टिरिओवर पुष्कळदा चौकोन उमटतात. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर मागे बसलेली शिष्या कोण, हे तर बहुतेक ठिकाणी नसतंच. ते असतं सीडीच्या डबीतल्या घडीच्या कागदावर, बारीक अक्षरात, कडेला बुरशीचे पिवळे ठिपके पडलेल्या. तो कागद डबीच्या चार खाचांतून हळू सरकवून काढायचा, ३०० डीपीआयवर स्कॅन करायचा आणि गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. मग प्रत्येक फाइलच्या टिपेच्या रकान्यात साथीदारांची नावं एकेक करून टाइप करायची.