तुम्ही विचारलंत म्हणून: पास्त्यात भाजलेली हिरवी मिरची

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईबाबा विचारतात, तिथे वर्षानुवर्षं राहणारेही विचारतात. न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे, अल्बुकर्की या शहरांकडे फिरायला गेलं की एखादं असं हॉटेल लागतंच: भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा, टेबलावर ऑलिव्ह ऑइलची बाटली, आणि मेन्यूत हिरव्या मिरचीचा आल्फ्रेडो (लोणी-क्रीम-चीजच्या पांढऱ्या सॉसमधला पास्ता), निळ्या मक्याचा पोलेंटा (मक्याच्या भरड पिठाचा मऊ सांजा), लाल मिरचीच्या रश्शातला लझान्या (पास्त्याच्या पट्ट्यांचे थर लावून भाजलेला पदार्थ). ‘हे नक्की काय प्रकरण आहे? मागवायचं काय? आणि आम्ही शाकाहारी, आम्हाला त्यात काय खाता येईल?’

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, म्हणजे बाकीचं सोपं होईल. न्यू मेक्सिकोत मिरची हा मसाला नाही, भाजी आहे. 1965 साली त्या राज्याने मिरची आणि पिंटो नावाचा ठिपक्यांचा राजमा या दोघांना राज्याच्या भाज्या म्हणून अधिकृत मान दिला. आपण भाजीत दोन मिरच्या टाकतो; ते लोक एका ताटलीला वाटीभर मिरची घालतात. म्हणून तिथली मिरची बेताचीच तिखट, पण लांब, गराची आणि चवीला गोडसर हवी. ती तशी घडवली गेली. फाबियान गार्सिया या फलोद्यानतज्ज्ञाने 1921 मध्ये ‘न्यू मेक्सिको नंबर 9’ हे वाण दिलं. आज तिथे होणाऱ्या बहुतेक लांब मिरच्यांचं मूळ त्यात आहे. पुढे 1975 मध्ये रॉय नाकायामांनी ‘बिग जिम’ आणली, ती जवळजवळ फूटभर वाढते. ‘हॅच’ हे मात्र वाणाचं नाव नाही. ते रिओ ग्रान्देकाठच्या गावाचं नाव आहे, आपण लासलगावचा कांदा म्हणतो तसं.

मिरचीला भाजी मानलं की इटालियन स्वयंपाकाशी तिचं जमतं, ते भाजलेल्या ढोबळी मिरचीसारखं. तसा या दोन स्वयंपाकघरांचा व्यवहार जुना आहे. टोमॅटो, मका, मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातून युरोपात गेलेली पिकं. इटलीने मका घेतला, त्याचा पोलेंटा केला, पण चुन्याच्या पाण्यात मका उकळायची मूळ रीत घेतली नाही. ती न घेतल्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. उत्तर इटलीत पोलेंट्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार होत असे, त्याचं मोठं कारण हेच. उलट दिशेने इटालियन माणसं इकडे आली ती कोळशाच्या खाणींत. 22 ऑक्टोबर 1913 ला न्यू मेक्सिकोतल्या डॉसनच्या खाणीत स्फोट होऊन 263 जण गेले, त्यात निम्म्याहून जास्त इटालियन होते. शेजारच्या कोलोराडोत प्वेब्लो शहराबाहेर इटालियन वंशाची शेतकरी कुटुंबं आजही मिरची पिकवतात. त्यामुळे पास्त्यावर हिरवी मिरची बघून ‘काहीतरी ओढूनताणून जोडलंय’ असं वाटून घेऊ नका. 1980 नंतर सांता फेच्या शेफ मंडळींनी या पदार्थांना मोठ्या हॉटेलांत आणलं, एवढंच नवं.

बसलात की वेटर विचारेल, ‘लाल की हिरवी?’ हा न्यू मेक्सिकोचा राज्य म्हणून ठरवलेला अधिकृत प्रश्न आहे. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. लाल आणि हिरवी एकाच झाडाची. हिरवी ऑगस्ट-सप्टेंबरात तोडून भाजतात, लाल झाडावर पिकवून वाळवतात. लाल म्हणजे जास्त तिखट असं समजू नका. त्या दिवशी कोणती जहाल आहे हे वेटरलाच विचारा, आणि पहिल्यांदा मिरची वेगळ्या वाटीत मागा.

हिरवीची सगळी चव भाजण्यात आहे. जाळीच्या लोखंडी पिंपात पोतंभर मिरच्या भरतात, पिंप फिरवत राहतात आणि खालून गॅसच्या मोठ्या ज्वाळा सोडतात. वर सालाला फोड येतात, काळे डाग पडतात, तडतड आवाज होतो. आत गर नुसता वाफाळून मऊ होतो. मग पिशवीत घालून तोंड बांधायचं, दहा-पंधरा मिनिटांत साल सुटतं. साल सोलताना मिरची नळाखाली धरली की धुराचा वास पाण्याबरोबर गेला. चांगल्या स्वयंपाकघरात ती बोटांनी, फार तर ओल्या फडक्याने सोलतात आणि सालाचे दोन-चार काळे कण तसेच राहू देतात. ताटलीत ते कण दिसले तर समाधान माना: मिरची डब्यातली नाही.

आता मागवायचं काय. हॉटेल नवं असेल तर माझं मत असं की आधी हिरव्या मिरचीचा पिझ्झा मागवावा, कारण त्यात लपवायला जागा नसते. चीज आणि मिरची, एवढंच. भाजलेल्या मिरचीत पाणी फार. ते निथळून घेतलं नाही तर पिझ्झाचा मधला भाग ओला पडतो आणि तुकडा उचलताना टोक खाली लोंबतं. तसा आला तर त्यांच्या आल्फ्रेडोतही मिरचीचं पाणी असणार हे ओळखा.

आल्फ्रेडो जमला तर मात्र या घराण्यातला तो राजा आहे. मिरचीचं तिखट, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. लोणी, क्रीम, चीज यांच्यात ते पसरतं आणि जिभेला एकदम झोंबण्याऐवजी घशाशी हळू ऊब देतं. टोमॅटोच्या आंबट, पाणीदार सॉसमध्ये हीच मिरची जास्त टोचते. म्हणून हिरवी पांढऱ्या सॉसबरोबर, लाल टोमॅटोबरोबर, ही जोडी धरून चाला. चुकून तिखट लागलंच तर पाणी पिऊन उपयोग नाही. आंबट साय म्हणजे सावर क्रीम मागा, नाहीतर सोपापिया. ही आपल्या पुरीसारखी टम्म फुगलेली चौकोनी तळणी, कोपरा फोडून आत मध ओतायचा.

लाल मिरचीचा लझान्या पास्त्याच्या पट्ट्यांऐवजी निळ्या मक्याच्या टॉर्टियाचे, म्हणजे तिथल्या पातळ भाकरीचे, थर लावून केला असेल तर जरूर घ्या. न्यू मेक्सिकोत एन्चिलाडा, म्हणजे मिरचीच्या रश्शातली भरलेली टॉर्टिया, गुंडाळण्याऐवजी थर लावून करायची जुनी पद्धत आहेच, ती लझान्याच्या शेजारचीच. यात कसोटी एक: टॉर्टिया रश्शात जाण्याआधी गरम तेलात काही सेकंद परतलेली असावी. तसं केलं नाही तर ती रस्सा पिऊन विरघळते आणि चमच्याने खायचा लगदा होतो. वर तळलेलं अंडं घालतात; नको असेल तर आधीच सांगा.

निळ्या मक्याचा पोलेंटा ताटलीत जांभळट आला तर घाबरू नका. रंग तेच सांगतो की मका खरा आहे. चुना किंवा राखेच्या क्षारात हा मका निळा-हिरवट होतो, आंबट लागलं की जांभळा-गुलाबी. शेजारी टोमॅटोचा रस्सा असेल तिथे कड जांभळी पडणारच.

पेस्टोत, म्हणजे पानं आणि बिया तेलात वाटून केलेल्या इटालियन चटणीत, तिथे बेझिलच्या जागी कोथिंबीर आणि पिन्योन घालतात. पिन्योन म्हणजे तिथल्या बुटक्या पाइनच्या बिया, आपल्या चिलगोज्याच्या नात्यातल्या. भरघोस पीक चार-सात वर्षांनी एकदा येतं आणि ते हाताने वेचायचं, म्हणून महाग. बऱ्याच ठिकाणी परदेशी पाइनच्या बिया वापरतात. त्यांतल्या एका जातीने खाल्ल्यावर दोन-एक दिवसांनी तोंडात कडवटपणा येतो आणि काही दिवस राहतो. त्यामुळे ‘बिया स्थानिक आहेत का’ हे विचारण्यात संकोच नको. ओरेगॅनोचंही असंच. भूमध्य समुद्राकाठचं ओरेगॅनो तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, मेक्सिकन ओरेगॅनो घाणेरीच्या कुळातलं. वास वेगळा, थोडा लिंबासारखा, आणि लाल मिरचीला तोच शोभतो.

पास्ता अर्धाकच्चा लागला तर त्याचं कारण कधी कधी आचाऱ्याकडे नसून डोंगराकडे असतं. सांता फे 2,100 मीटरहून जास्त उंचीवर आहे, महाबळेश्वरापेक्षा साडेसातशे-आठशे मीटर उंच. तिथे पाणी साधारण 93 अंशांनाच उकळतं. पाकिटावर 10 मिनिटं लिहिली असतील तर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात; राजम्याचे तर तास वाढतात, आणि त्यात टोमॅटो आधी पडला तर तो लवकर मऊ होतच नाही. मुलांच्या घरी तिकडे डाळ शिजत नाही अशी तक्रार असते, ती याच कारणाने. कुकर न्या.

शाकाहाऱ्यांनी इथे जरा डोळ्यांत तेल घालून विचारायला हवं, कारण मांस दिसत नाही तिथेही असतं. राजमा आणि मैद्याची टॉर्टिया डुकराच्या चरबीत केलेली असू शकते, तिला ‘लार्ड’ म्हणतात. हिरव्या मिरचीच्या रश्शात डुकराचं मांस किंवा चिकनचं पाणी घालण्याची पद्धत आहे. पोलेंटा आणि रिसोट्टो (इटालियन मऊ भात) बऱ्याचदा चिकन स्टॉकमध्ये, म्हणजे त्याच चिकनच्या पाण्यात, शिजवतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी मासा असतो. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढं विचारून पुरत नाही. ‘लार्ड नको, चिकन स्टॉक नको, अँचोवी नको’ असं नाव घेऊन सांगा. अंडं न खाणाऱ्यांनी ताजा पास्ता टाळून सुका रव्याचा मागावा. ताज्यात बहुधा अंडं असतं, तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात तर असतंच. अस्सल पार्मिजानो रेजानो या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, वापरणं नियमानेच बंधनकारक आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज बदलून मागावं.

घरी करून बघायचं असेल तर आल्फ्रेडोपासून सुरुवात करा. दोघांसाठी 200 ग्रॅम सुका पास्ता, 250 ग्रॅम भावनगरी मिरची, एखाद-दुसरी आपली तिखट हिरवी, लसणाच्या तीन पाकळ्या, 20 ग्रॅम लोणी, 150 मिलिलिटर क्रीम, 50 ग्रॅम किसलेलं चीज. भावनगरीचा गर न्यू मेक्सिकोच्या मिरचीपेक्षा पातळ असतो, म्हणून ती थेट मोठ्या आचेवर भाजायची, चिमट्याने सतत फिरवत, चार-पाच मिनिटं. आच मंद ठेवली तर साल सुटायच्या आधी गर लिबलिबीत होतो. तिखट मिरचीला पोचे मारून तीही शेजारी भाजा, नाहीतर फुटून उडेल. झाकून दहा मिनिटं, मग सोला, बिया आणि आतली पांढरी शीर काढा. तिखट त्या शिरेत असतं. निम्म्या मिरच्या जाडसर वाटा, निम्म्या चिरा.

पास्त्याला दोन लिटर पाणी आणि 20 ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा आणि कपभर पाणी बाजूला ठेवा. तोवर लोण्यात लसूण परता, मिरची घाला आणि तिचं पाणी आटून कढईच्या बुडाशी चरचर ऐकू येईपर्यंत, तीन-चार मिनिटं परतत राहा. ही पायरी घाईत उरकली की सॉस पातळ होतो आणि मग लोक त्यात मैदा ढकलतात. मैद्याने मिरचीची चव झाकली जाते. आता क्रीम, दोन मिनिटं मंद आच. आपल्याकडचं पाकिटातलं क्रीम पंचवीसेक टक्के फॅटचं असतं, ते जोरात उकळू देऊ नका. पास्ता त्यात घाला, बाजूला ठेवलेलं अर्धा कप पाणी घाला, एक मिनिट हलवा आणि गॅस बंद करा. चीज त्यानंतर, थोडं थोडं, हलवत. उकळत्या सॉसमध्ये टाकलं की त्यातली प्रथिनं आवळतात, तेल सुटतं आणि तळाशी रबरासारखी गुठळी बसते. आपलं प्रोसेस्ड चीज वापरलं तर गुठळी होत नाही, पण ते खारट असतं. वरून मीठ घालू नका.

लाल रस्सा करायचा तर ब्याडगी घ्या, रंग जास्त आणि तिखट कमी. वीस मिरच्यांच्या बिया काढून कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट, फक्त वास सुटेपर्यंत. काळी झाली की कडू झालीच. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी चाखा: कडवट असेल तर फेका, नसेल तर त्यातच लसूण घालून मिरच्या वाटा. गाळणीतून दाबून काढा, म्हणजे सालाचे तुकडे राहणार नाहीत. दोन चमचे तेलात हा गर पंधरा मिनिटं मंद शिजवा आणि मग टोमॅटोच्या सॉसमध्ये मिसळा: एक भाग गर, तीन भाग सॉस. गर बराच उरेल. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, एका वेळी दोन ठोकळे पुरतात.