गेलीये म्हणे

रविवार, रात्री

साडेसात युरोच्या वाईनच्या बाटलीवरून इतकं लागून घेण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. भांडी झाली, हा झोपला, आणि मी टेबलाशी बसून धाकटीच्या एका वाक्याभोवती घुटमळतेय. "आई, ही गेलीये गं." एवढंच. कुजकटपणाने नाही. घोट घेतला, म्हणाली आणि ताटातल्या बदकाकडे वळली.

मादिराँ, २०१५. फ्रान्समधल्या तुलूजपासून गाडीने दोनेक तासांवरचा तो मुलूख, पिरेनीजच्या पायथ्याकडचा. १९४८पासून स्वतःचं अपेलासिओं, म्हणजे त्या मुलखाच्या नावाने वाईन विकायचा सरकारी मान, आहे, पण दुकानात बोर्दोच्या रांगा संपल्या की मग खालच्या फळीवर हिची जागा. म्हणून तर आम्हाला परवडली. सप्टेंबरच्या वाईन-जत्रेत खोकंच उचललं होतं.

पहिली उघडली तेव्हाची नोंद वहीत आहे. "शाईसारखा रंग. जांभूळ. तोंड असं आखडलं की कच्चं केळं बरं. मला नाही आवडली." खाली ह्याच्या अक्षरात, "मला आवडली." ह्याला त्या वर्षी सगळंच आवडत होतं. असो.

द्राक्षच तसं आहे. ताना. जाड साल, टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जीभ कोरडी पडते. घाईने प्यायचं काम नाही, असं ज्यांच्याकडून शिकले ते आज टेबलावर असते तर धाकटीला काय म्हणाले असते? बहुतेक काहीच नाही. हसले असते नुसते.

मधे एकदा उघडली तर ना वास, ना फळ. नुसता तुरटपणा, आणि त्याच्यामागे रिकामं. अशा वाईनला इथे मिटलेली म्हणतात. तिच्या वाट्याला जाऊ नये, तळघरात परत विसरून जावं. विसरणं मला कधी जमलं? ऑगस्ट २०२३ मध्ये पारा चाळिशीच्या वर गेला तेव्हा मी दिवसातून दोनदा खाली उतरून बाटल्यांना हात लावून बघत होते. त्याच आठवड्यात पुण्याहून तो फोन आला. तो विषय आज नको.

आणि आज ती उघडली. कडेला विटकरी झाक, आणि कॅराफमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतताना बाटलीच्या तळाशी बोटभर साका. टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, रंगालाही धरतात, जड झाले की खाली बसतात. म्हणजे मला जो नको होता तो तुरटपणा आज चक्क वेगळा काढून ठेवलेला दिसत होता. वर उरलं होतं ते पातळ, मऊ. वासात तंबाखू, चामडं, पावसात कुजलेला पाचोळा. जांभूळ होतं, पण शोधावं लागलं. मला वाटलं, आता कुठे आली. आणि ही पोरगी म्हणते गेली!

पंचाईत अशी की शेजारी तिने आणलेली २०२२ची होती. तीच वाईन, तेच लेबल. आणि ती गोड वागत होती हो. भरपूर फळ, कुठे टोचणं नाही, बोचणं नाही. मादिराँतल्याच पात्रिक द्युकुर्नोने १९९०च्या दशकात टाकीतल्या वाईनमध्ये प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडायची युक्ती काढली, ती ह्याच आडदांड तानाला माणसाळवण्यासाठी. सगळेच करतात असं नाही, पण हल्ली तरुणपणीच पिता येईल अशी मादिराँ बरेच जण करतात. मग थांबायचं कशासाठी? हे धाकटीने विचारलं नाही. मीच मला विचारलं, आणि फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती आडवी ठेवली, अंधारात ठेवली, पाहुण्यांपासून लपवली. ह्या घरात कुणाला म्हणून किंमत आहे का?

ह्यावर स्वतःशीच दोन टिपं गाळायचा विचार होता. पण कॅराफमध्ये थोडी उरली होती, म्हणून आधी ती घेतली.

तासाभरात ती अजून उघडली होती. खरंच चांगली होती. की मलाच चांगली लागत होती? वही पुन्हा चाळली. ते "नाही आवडली" लिहिणारी बाई चहात दोन चमचे साखर घालायची आणि कारलं ताटात बाजूला सारायची. तिला आजची ही वाईन दिली असती तर तिने पाचोळ्याचा वास येतो म्हणून ग्लास सरळ ह्याच्याकडे सरकवला असता. वर म्हणालीही असती, गेलीये. ताडून बघायला तेव्हाची जीभ कुठून आणू? बाटली निदान आडवी ठेवता येते.

म्हणजे धाकटी चूक नाही. मान्य. पण तिने "गं" म्हणायला नको होतं. त्या "गं"मध्ये जरा कीव होती. की तीही मला आता ऐकू यायला लागलीये, देव जाणे. २०२२ची तिने दोन ग्लास प्यायली आणि सोफ्यावर आडवी झाली, हेही नोंदवून ठेवते.

आवाजाने हा उठून पाणी प्यायला आला. विचारलं, शेवटची कधी उघडायची? म्हटलं, थोरली येईल तेव्हा. तो ग्लास विसळत थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "तिला वाईन आवडत नाही."

तेही खरंच. तिच्या वाटची मी घेईन.