एचआयव्ही आपोआप सौम्य होत जाईल, या भरवशावर राहू नका

कोरोनात सगळ्यांच्या तोंडी एकच, व्हायरस जुना झाला की आपोआप सौम्य होतो, पेशंटला मारून त्याला काय मिळणार वगैरे. एचआयव्हीबद्दलही कोणी असं बोललं की मला खरंच काळजी वाटते, कारण नेदरलँड्समध्ये नेमकं उलटं झालंय.

२०२२ च्या फेब्रुवारीत तिथला व्हीबी नावाचा व्हेरिएंट जगासमोर आला. १०९ पेशंट सापडले, रक्तातला व्हायरल लोड (म्हणजे व्हायरसचं प्रमाण) एचआयव्हीच्या इतर पेशंटच्या साडेतीन ते साडेपाच पट आणि सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी) दुप्पट वेगाने घसरणाऱ्या. तिशीतल्या पुरुषाला निदानानंतर औषध दिलंच नाही तर साधारण नऊ महिन्यांत सीडी४ दर घनमिलिमीटर रक्तात ३५० च्या खाली, म्हणजे आजार बराच पुढे गेलेला, एरवी याला तीन वर्षं लागतात! आणि हा प्रकार १९९० च्या दशकातच तयार झालेला, इतकी वर्षं कोणाला पत्ताच नाही.

असं का होतं? एचआयव्ही स्वतःची कॉपी करताना भरपूर चुका करतो, त्या तपासायची सोय त्याच्याकडे नाही, आणि उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे व्हायरस बनतात. त्यातला कुठला टिकणार ते ठरतं पुढच्या माणसापर्यंत कोण पोचतो त्यावर. लोड फार जास्त असेल तर लागण पटकन होते पण पेशंट लवकर खचतो, लोड फार कमी असेल तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट पण लागण क्वचित, म्हणजे व्हायरसचा फायदा मधेच कुठेतरी, आणि हा लोड काही प्रमाणात व्हायरसच्या जनुकांवर ठरतो म्हणून तो गुण पुढे जातो. उपचाराशिवायही माणूस साधारण दहा वर्षं काढतो, तेवढ्यात व्हायरस कधीच पुढे गेलेला असतो, मग सौम्य व्हायची त्याला घाई कशाला? (बोत्सवानात मात्र व्हायरसची वाढ मंदावलेली दिसलीये, २०१४ चा अभ्यास आहे, म्हणजे दिशा एकच नाही.)

चांगली गोष्ट ही की व्हीबीवर नेहमीचीच औषधं चालतात आणि २०१० च्या आसपासपासून तो कमी होत गेलाय. लोड दबलेला राहिला की कॉप्या नाहीत, कॉप्या नाहीत तर नवे बदलही नाहीत, लैंगिक संबंधातून लागणही नाही.

गोळ्या मधेच सुटल्या की मात्र गाडी परत सुरू. के१०३एन नावाचा बदल बघा, जनुकातलं एकच अक्षर बदलतं आणि नेव्हिरॅपिन, एफाव्हिरेन्झ ही एचआयव्हीची दोन्ही औषधं निकामी. वर या बदलाने व्हायरस फारसा कमजोर होत नाही, त्यामुळे आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही तो तसाच लागू शकतो, हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाला पहिली पसंती दिली त्यामागे हे एक मोठं कारण, त्याला चकवायला सहसा असा एकटा बदल पुरत नाही, आणि आपल्या सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) सेंटरलाही आता तीच गोळी फुकट मिळते.