जर्नल भरलेलं, हात कोरे

बारावीच्या डिसेंबरात माझं केमिस्ट्रीचं जर्नल पूर्ण झालं होतं. आकृत्या पेन्सिलीने, तक्ते पट्टीने आखलेले, प्रत्येक पानावर सही. आणि तोवर मी ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायची खुणांची काचनळी, एकदाही हातात धरली नव्हती.

आमचं ज्युनिअर कॉलेज सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. हजेरी कॉलेजात, पोरं क्लासला, असा कारभार. 'नीट'ला प्रॅक्टिकल नाही, मग त्यात वेळ कोण घालवणार? जर्नल आदल्या वर्षीच्या ताईकडून आणायचं आणि उतरवायचं. त्यामुळे अख्ख्या बॅचचं टायट्रेशनचं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागतं ते मोजायचं, रीडिंग ९.८. एका पठ्ठ्याने रकाने उलटे उतरवले, म्हणजे त्याची ब्युरेट खालून वर भरत गेली. त्यावरही सही झाली.

थिअरी ७० मार्कांची, प्रॅक्टिकल ३०. ते ३० पडतातच, असं सगळे म्हणायचे. मग जानेवारीत कुठूनतरी बातमी आली की यंदाचे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन उभे राहतात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या काकांना गाठलं.

"चार वाजता ये," काका म्हणाले. "सांडलंस तर तूच पुसायचं."

पहिले दोन दिवस नुसतं पाणी. मला वाटलं, काका माझी खेचतायत. पण पिपेटमध्ये, म्हणजे ठरावीक माप ओढून घ्यायच्या काचनळीत, पाणी ओढून बरोबर १० मिलीच्या खुणेवर थांबवणं मला तासभर जमलं नाही. मी अंगठ्याने तोंड बंद करत होते. अंगठा जाडजूड, तो जरा सैल करायला गेलं की भस्सकन पाणी खाली. "तर्जनी लाव गं," काका म्हणाले. तर्जनी किंचित फिरवली की पाण्याची वक्र कड मुंगीच्या चालीने उतरते आणि दाबली की जागच्या जागी थांबते. तोंडाने ओढायला मात्र त्यांनी साफ मना केलं होतं. पुढे ओढायचं होतं ते ऑक्झॅलिक अॅसिड विषारी. रबरी फुगा लॅबमध्ये एकच, तोही काकांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात.

पिपेट रिकामी करताना टोकाशी एक थेंब राहतो. मी तो फुंकून पाडला, तर काका ओरडलेच. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचं, बास. पिपेटवरची खूण तो थेंब आत राहणार हे धरूनच मारलेली असते.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम परमँगनेट. हे गडद जांभळं द्रावण ब्युरेटमध्ये, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक. लॅबमध्ये रबरी नळी आणि चिमटा लावलेल्या ब्युरेट होत्या, मी त्यातलीच एक उचलली. काकांनी ती काढून घेतली आणि काचेच्या तोटीची दिली, कारण परमँगनेट रबर खातं. ब्युरेट आधी पाण्याने, मग थोड्या परमँगनेटनेच खळखळायची, नाहीतर आतल्या पाण्याने द्रावण पातळ होतं. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. तिथे मी हुशारी करून फ्लास्कही ऑक्झॅलिकने खळखळला होता. म्हणजे मोजून घेतलेल्या १० मिलीवर न मोजलेलं चार थेंब जास्त. रीडिंग चुकलं, आणि का चुकलं हे शोधण्यात संध्याकाळ गेली.

दुसऱ्या खेपेला ब्युरेटवरचं नरसाळं काढायला विसरले. त्यातून मध्येच एक थेंब टपकला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"जर्नलमध्ये लिहिलंय की, नरसाळं काढावे," मी म्हणाले.

"मग काढलं का नाहीस?"

यावर काय बोलणार!

खरी मजा उष्णतेत आहे. ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये विरल सल्फ्युरिक अॅसिड घालून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं. थर्मामीटर नव्हता, फ्लास्कचा तळ हाताला जेमतेम सोसवेल इतका, हे काकांचं माप. पहिले थेंब पडतात तेव्हा गुलाबी रंग जायला वेळ लागतो आणि माणूस घाबरतो, की इथेच एंड पॉइंट आला, म्हणजे क्रिया संपली. पण तयार होणारं मँगॅनीजच पुढची क्रिया पळवतं. नंतर थेंब पडतो न पडतो तोच रंग गायब. डावा हात तोटीवर, उजवा फ्लास्क हलवायला, आणि शेवटी एकेक थेंब. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. मी पहिल्यांदा जांभळं करून ठेवलं होतं. काका म्हणाले, "हे काय, वांग्याचं भरीत?"

रीडिंग घ्यायलाही वेगळं. बिनरंगी द्रावणाची खालची कड वाचतात. परमँगनेट इतकं गडद की खालची दिसतच नाही, म्हणून वरची. माझी उंची पाच फुटांच्या आत, शून्याची खूण डोक्याच्या वर. टाचा उंचावून वाचलं की ०.३चा फरक पडायचा. शेवटी स्टूलच घेतलं.

सॉल्ट अॅनालिसिसला, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखायला, तीनच दिवस उरले. ज्योतीच्या परीक्षेत तारेला सॉल्ट लावून ज्योतीत धरायचं आणि रंगावरून धातू ओळखायचा. मला प्रत्येक सॉल्ट पिवळं दिसायचं, म्हणजे सोडियम. दोन दिवस सोडियमच. मग काकांनी पाहिलं की मी तारेचं टोक बोटांनी पुसतेय. ते पिवळं माझ्या घामातलं मीठ होतं! तार तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बुडवायची, ज्योतीत धरायची, रंग येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि मगच सॉल्टला लावायची.

परीक्षेच्या दिवशी टायट्रेशन ऑक्झॅलिकचंच आलं. दुसऱ्या रीडिंगला फ्लास्क निवला होता, माझ्या लक्षात आलं नाही. गुलाबीऐवजी आत तपकिरी गढूळ झालं. एक्स्टर्नल नेमके तेव्हाच टेबलाशी. मी फ्लास्क ओतून दिला, धुतला, नवीन १० मिली घेऊन तापवायला ठेवलं.

"का ओतलंत?"

"सर, थंड झालं होतं. मँगॅनीज डायऑक्साइड पडला."

"सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक का नाही वापरलं?"

"परमँगनेट त्यातून क्लोरीन काढतं सर. रीडिंग जास्त येतं."

ते हुं म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. तीन रीडिंग सारखी आली: ९.५, ९.५, ९.५. शेजारच्या मुलाने माझ्या कागदाकडे पाहून ९.८ खोडलं.

सॉल्ट पांढरं. तार नीट जाळून घेतली, लावली, आणि ज्योत पोपटी झाली. बेरियम. पोटॅशियम क्रोमेट घातल्यावर हळदीसारखा पिवळा साका बसला. सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा, अमोनियात विरघळणारा, म्हणजे क्लोराइड. ते सिल्व्हर नायट्रेट बोटांवरही सांडलं होतं. संध्याकाळी बोटं काळी दिसली तेव्हा आईने आधी विचारलं, भाजलं का गं?

त्याआधी, पेपर दिल्यावर, सगळे पळाले. काका एकटेच पन्नासेक ब्युरेट धुवायला उभे. परमँगनेटने काचेला तपकिरी डाग धरलेले, घासून निघत नव्हते. काकांनी उरलेलं ऑक्झॅलिक गोळा केलं, कोमट केलं आणि एकेका ब्युरेटमध्ये ओतलं. डाग बघता बघता विरून काच स्वच्छ. मी बाह्या सरसावून दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. धुतलेल्या ब्युरेट स्टँडला उलट्या लावायच्या, तोटी उघडी ठेवून.

साडेपाचची एसटी चुकली.